किती दिवस काढील?

पस्तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यांत गेली, त्यात एक गोष्ट पक्की कळली. ‘याला झालंय तरी काय?’ हा प्रश्न डॉक्टरचा असतो. जनावर घेऊन येणाऱ्याचा प्रश्न वेगळाच. बैलवाला विचारतो, पेरणीला उभा राहील का? म्हैसवाला विचारतो, परत दुधावर येईल का? आणि कुत्रं घेऊन येणारा, त्याच्या पाठीवरचा हात न काढता, खालच्या आवाजात विचारतो, “साहेब, किती दिवस काढील?”

हृदयाचं दुखणं असलं की माझं उत्तर ठरलेलं होतं. “बघू. देवाच्या हातात आहे.” ऐकणाऱ्याला त्यात नम्रता वाटायची. खरं तर ते अज्ञान होतं, आणि अज्ञानापेक्षाही आळस जास्त. आमचं शिक्षण आणि नोकरी गाय-म्हैस-शेळीभोवती फिरलेली. कृत्रिम रेतन, लाळ्या-खुरकुताची लस, अडलेली म्हैस, पोटफुगी. कुत्र्याशी संबंध रेबीजच्या लसीपुरता. निवृत्त होऊन अर्धापुरात स्थिरावलो आणि लोक ओळखीनं कुत्री घेऊन घरी यायला लागले, तेव्हा कुठं हा प्रश्न मला टोचायला लागला. उत्तर देता येतं, बऱ्याचदा बऱ्यापैकी नेमकं देता येतं, असं आता माझं मत झालंय. फक्त ते ठोक्यात शोधून सापडत नाही. ठोक्याच्या मागं काय आहे, कुत्रं कोणत्या रक्ताचं आहे आणि ते कुणाच्या दारात बांधलेलं आहे, तिथं ते असतं.

दोन कुत्र्यांनी मला हे शिकवलं.

पहिली हिरा. इसापूरच्या कालव्यालगत केळीच्या बागेत राखणीला असलेली चार वर्षांची कारवानी कुत्री. कंबर मुठीत मावेल अशी, छाती मात्र खोल. मालकाचा पुतण्या नांदेडला शिकतो. नवा स्टेथोस्कोप घेतल्याच्या हौसेनं त्यानं तो हिराच्या छातीला लावला आणि त्याच्याच काळजाचा ठोका चुकला. दोन ठोके जवळजवळ, मग मोठा खंड, मग तीन घाईघाईनं, पुन्हा खंड. पोरानं धावपळ करून शहरात ईसीजी काढून आणला आणि पट्टी ओळखीच्या डॉक्टरांना दाखवली, माणसांच्या. ते म्हणाले, लय साफ बिघडलीय आणि वेगही फक्त 45. त्या बिचाऱ्यांचा दोष नाही. कुत्र्याच्या ईसीजीचा कागद बहुधा सेकंदाला 50 मिलिमीटर पळवतात, माणसाचा 25. माणसाच्या सवयीनं चौकोन मोजले की वेग बरोबर निम्मा निघतो.

मी बांधावर बसलो. डावा तळहात हिराच्या कोपराच्या मागं, बरगड्यांवर. उजव्या हाताची दोन बोटं मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला, जिथं नाडी लागते तिथं. ठोके मोजायच्या आधी तिचा श्वास बघत राहिलो. बरगड्या फुगल्या की ठोके घाई करत, बरगड्या बसल्या की रेंगाळत. पाच मिनिटं तेच. छातीवर वाजलेला प्रत्येक ठोका मांडीत पोचत होता, एकही वाटेत हरवत नव्हता. मग पुतण्याला म्हटलं, बागेभोवती हिला एक चक्कर पळवून आण. परत आली तेव्हा जीभ बाहेर आणि ठोका वेगात, एका रेषेत. “हिला काहीही झालेलं नाही,” मी सांगितलं. त्याचा विश्वास बसेना.

दुसरा राजा. बाजारातल्या एका दुकानदाराचा डोबरमन, सहा वर्षांचा. महिनाभर खाणं कमी, रात्री बेचैन, जिना चढताना मध्येच थांबणारा. छातीला नळी लावली तर ठोका घड्याळासारखा. मिनिटाला 170, एकासारखा एक. दुकानदाराचा चेहरा खुलला. “म्हंजे ठोका तर बरोबर हाय की.” ठोका बरोबर होता म्हणूनच मला धास्ती वाटली. फरशीवर पंधरा मिनिटं आडव्या पडलेल्या मोठ्या कुत्र्याचा ठोका 170 असायला नको, आणि इतका सरळ तर मुळीच नको. तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे तो फाटकाजवळ मेलेला सापडला.

नाडी म्हटलं की आपल्या मनात माणसाची नाडी असते. नियमित ती चांगली, अडखळली की वाईट. कुत्र्याच्या बाबतीत हा हिशेब बऱ्याचदा उलटा पडतो. त्याच्या हृदयाला मेंदूकडून एक कासरा आहे आणि एक चाबूक. व्हेगस नावाची नस म्हणजे कासरा. निवांत, निरोगी कुत्र्यात तो चांगला ताणलेला असतो. श्वास आत घेताना जरा सैल पडतो, सोडताना पुन्हा ओढला जातो, म्हणून ठोका श्वासाबरोबर डुलतो. हृदय थकायला लागलं की शरीर कासरा सोडून देतं आणि चाबूक उगारतं. मग ठोका वाढतो आणि सरळ होतो. खोकणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या छातीत असा डुलता ठोका ऐकू आला, तर अनुभवी डॉक्टर उलट निर्धास्त होतो. खोकला बहुतेक श्वासनलिकेचा असणार, हृदयानं अजून हात टेकलेले नाहीत.

खरोखर बिघडलेली लय ओळखू येते ती श्वासाशी नातं तुटल्यावर, आणि छातीवर वाजलेला ठोका मांडीत न पोचल्यावर. मोट भरायच्या आत वर ओढली तर चाक करकरतं, पण थारोळ्यात पाणी पडत नाही. अवेळी आकसलेल्या हृदयाचं तसंच होतं. आवाज येतो, रक्त पुढं जात नाही. दोन हातांची ही तपासणी फुकट आहे. तिला वीज लागत नाही, कागद लागत नाही, आणि कुठल्याही वाडीवर ती होऊ शकते. ती आम्ही करत नाही, ही आमची लाज.

आणखी एक शब्द आमच्या भागात फार सैल वापरला जातो: अटॅक. कुत्रं रात्रीतून मेलं की निदान तयार, ‘अटॅक आला’. मीही कित्येकांना हेच सांगून मोकळा झालोय. माणसासारख्या हृदयाच्या रक्तवाहिन्या चरबीनं तुंबण्याचा प्रकार कुत्र्यांत क्वचित. विषबाधा किंवा पोटातला रक्तस्राव सोडला, तर धडधाकट दिसणाऱ्या कुत्र्याचं अचानक मरण बऱ्याचदा लयीचं मरण असतं. खालचे कप्पे नुसते थरथरतात, पंप बंद पडतो. हा फरक शब्दाचा नाही. ‘अटॅक’ म्हटलं की विषय संपतो. ‘लय बिघडली’ म्हटलं की पुढचा प्रश्न विचारावाच लागतो: कशानं?

आणि ‘कशानं’चं उत्तर आमच्याकडं पुष्कळदा हृदयाच्या बाहेर सापडतं. गोठ्याशेजारी राहणाऱ्या कुत्र्याचा कान उलटून बघा, बोटांच्या बेचक्या बघा. फुटाण्यासारख्या फुगलेल्या गोचिड्या दिसतील. गोचीडतापात रक्त पातळ होतं, प्लेटलेट कोसळतात, हे सगळ्यांना ठाऊक. पण हृदयाच्या स्नायूलाही इजा होते आणि तिथून जादा ठोके सुटतात. मागच्या पावसाळ्यात एक गावठी कुत्रं असंच आणलं होतं. हिरड्या पांढऱ्याफटक, छातीवर दर सात-आठ ठोक्यांमागं एक रिकामी मोट. मालकानं मनातल्या मनात त्याला पुरून टाकलं होतं. रक्त तपासलं, डॉक्सीसायक्लिन चालू केलं, गोठ्यासकट गोचीड मारली. पाचव्या आठवड्यात लय सरळ. हृदयाचं एकही औषध लागलं नाही. उन्हाळ्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशात टपरीच्या पत्र्याखाली बांधलेल्या कुत्र्याचंही तसंच: उष्माघातानंतर लय बिघडते, आणि पहिले दोन-तीन दिवस निभावले तर बहुतेक वेळा सावरते. पिल्लांत पार्व्हो. मोठ्या कुत्र्यांत पोटाला पीळ बसणं, त्याचं ऑपरेशन नीट झालं तरी पुढचे दोन-तीन दिवस लय दगा देऊ शकते. रानडुकरांसाठी शेताभोवती चोरून सोडलेली वीज तर सरळ हृदयावरच घाव घालते आणि तिथं पूर्वानुमान विचारायची वेळच येत नाही. त्या तारेनं माणसंही मरतात, तरी ती दरवर्षी ओढली जाते.

कण्हेरीचं सांगायलाच हवं. महामार्गांच्या दुभाजकात हौसेनं लावलेली गुलाबी आणि पिवळी कण्हेर. तिचा चीक हृदयाला गाठतो. गंमत अशी की हृदयरोग्यांना दिलं जाणारं डिगॉक्सिन याच जातकुळीचं. फॉक्सग्लोव्ह नावाच्या विलायती झाडातल्या या गुणावर विल्यम विदरिंगनं 1785 मध्ये पुस्तक लिहिलं. औषध आणि विष एकाच कुलपाची किल्ली फिरवतात, फरक मात्रेचा. म्हणून घरातल्या आजोबांची हृदयाची गोळी कुत्र्याला ‘अर्धी’ देणाऱ्यांना मी हात जोडतो.

आता रक्ताकडं येऊ. गेल्या पंधरा-वीस वर्षांत अर्धापूर, भोकर, मुदखेडसारख्या गावांत विलायती कुत्री घरोघर आली. पिल्लू विकत घेताना माणूस कान बघतो, हाडं बघतो, ‘पेपर आहेत का’ विचारतो. त्या जातीबरोबर तिचं दुखणंही पिशवीत येतं, हे कुणी सांगत नाही. डोबरमनच्या हृदयाचा स्नायू पातळ होत जाण्याचा आजार इतका पसरलेला आहे, की 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या एका मोठ्या पाहणीत आयुष्यभरात तो होणाऱ्या डोबरमनचं प्रमाण 58 टक्के निघालं. त्यातली बरीच कुत्री कसलंही लक्षण न दाखवता एका क्षणात कोसळतात. चोवीस तासांच्या ईसीजीत 300 पेक्षा जास्त जादा ठोके निघाले, तर सोनोग्राफीत हृदय ठीक दिसत असलं तरी रोग सुरू झाला असं धरतात. आमचा राजा त्याच वाटेनं गेला. वर्षभर आधी कुणी बघितलं असतं तर? 2012 च्या एका अभ्यासात, लक्षणं दिसायच्या आधीच पिमोबेंडान हे हृदयाचं औषध सुरू केलेल्या डोबरमनना हृदय हरायला किंवा अचानक मरण यायला मध्यक धरला तर 718 दिवस लागले, नुसती खोटी गोळी घेतलेल्यांना 441. नऊ महिने. कुत्र्याच्या आयुष्यात नऊ महिने म्हणजे काय, हे ज्यानं कुत्रं पाळलंय त्याला सांगावं लागत नाही.

जर्मन शेफर्डच्या काही घराण्यांत तर सगळं आपल्या अंदाजाच्या उलट. चार महिने ते दीड वर्ष या कोवळ्या वयात, बहुधा झोपेत, हृदय घातक लयीत शिरतं. तो टप्पा पार केलेलं कुत्रं पुढं बहुतेक सुखरूप जगतं. म्हणजे इथं वय वाढणं हीच सुधारणा. लॅब्रॉडॉर म्हातारपणी पूर्ण हार्ट ब्लॉक घेऊन येतो: वरचे कप्पे हाका मारतात, खालच्यांना ऐकू जात नाही, ठोका तीस-चाळीसवर घसरतो, कुत्रं चालता चालता पडतं. औषधानं त्यात फार फरक पडत नाही. पेसमेकर बसवला तर मात्र तेच कुत्रं वर्षानुवर्षं जगतं. लय बिघडलेली वाटणारी चार कुत्री एका ओळीत उभी करा. एकाचं भवितव्य डॉक्सीसायक्लिनच्या पट्टीत, एकाचं कॅलेंडरात, एकाचं दिल्ली-मुंबईच्या ऑपरेशन टेबलावर. आणि चौथं, हिरासारखं, आजारीच नाही. चौघांना ‘देवाच्या हातात’ हे एकच उत्तर देणारा डॉक्टर देवाचं नाव वापरून स्वतःचं काम टाळतो.

आकड्यांवर माझा जीव आहे, पण त्यांची भीतीही आहे. मध्यक म्हणजे काय ते आधी समजून घ्यावं लागतं. शंभर कुत्र्यांतली पन्नास ज्या दिवसापर्यंत गेली, तो दिवस. उरलेली पन्नास त्या दिवशी शेपूट हलवत असतात. स्टीफन जे गूल्ड या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाला 1982 मध्ये पोटाचा दुर्मीळ कर्करोग निघाला. पुस्तकात मध्यक आठ महिन्यांचा. पुढं त्यानं त्यावरच एक लेख लिहिला: आठ महिने हा आपल्या मरणाचा मुहूर्त नसून एका लांबच लांब शेपटीचा मधला मणका आहे आणि आपण शेपटीच्या टोकाला का नसावं? तो त्यानंतर वीस वर्षं जगला. अर्धापूरच्या शिक्षकाला किंवा शेतकऱ्याला हे समजत नाही असं मानायचं कारण नाही. ‘शंभर रोपांतली पन्नास पावसाआधी गेली, बाकीची टिकली’ ही भाषा त्याची रोजची आहे.

पण या परदेशी आकड्यांत एक गोम आहे आणि ती मला फार उशिरा दिसली. युरोप-अमेरिकेतल्या अभ्यासांत कुत्र्याचे दिवस मोजले जातात ते पुष्कळदा नैसर्गिक मरणापर्यंतचे नसतात. तिथला मालक एका टप्प्यावर ठरवतो की आता पुरे, आणि डॉक्टर शांतपणे इंजेक्शन देतो. त्या तारखेला खातं बंद होतं. म्हणजे तक्त्यातला आकडा हा रोगाचा आणि मालकाच्या निर्णयाचा मिळून असतो. आमच्याकडं हा निर्णय कोण घेतो? खंडोबाच्या पायाशी कुत्रं आहे, भक्तांतले वाघ्ये स्वतःला खंडोबाचे कुत्रेच मानतात. कुत्र्याला सुई द्या म्हणणारा माणूस मला पस्तीस वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतका भेटला. त्यामुळं तिकडचा आकडा इकडं जसाच्या तसा आणला तर दोन्हीकडून चुकतो. इथं औषध उशिरा सुरू होतं म्हणून दिवस कमी होतात. इथं शेवट हातानं आणला जात नाही म्हणून दिवस वाढतात, पण कसले दिवस? फुफ्फुसात पाणी भरलेलं कुत्रं आडवं होऊ शकत नाही. कोपरं फाकवून, मान पुढं काढून रात्रभर बसतं, भिंतीला टेकून डुलकी लागली की दचकून उठतं. घरातली माणसं त्याला ‘आपसूक जाऊ द्या’ म्हणतात. मला यात दया दिसत नाही. मी हे बोललो की लोक गप्प होतात, काही जण रागावतात. तरी बोलतो. ‘किती दिवस काढील’च्या पोटात ‘कसे काढील’ हा प्रश्न दडलेला असतो, आणि तो मालकापेक्षा डॉक्टरनं आधी विचारायचा असतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो सोडून देण्यासारखा नाही. गावच्या आरोग्य केंद्रात माणसाचा ईसीजी वेळेवर निघत नाही, कर्जापायी शेतकरी फास घेतो, आणि तुम्ही कुत्र्याच्या ठोक्यांवर पानं भरता? हा आक्षेप घेणाऱ्याला मी नावं ठेवत नाही, त्याच्या जागी मीही होतो. पण बागेत रात्री रानडुकरांच्या कळपासमोर उभं राहतं ते कुत्रंच. शिवाय मी मागतोय ते फार महागाचं नाही. दोन हातांची तपासणी, गोचिडीचं औषध, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एक लहान ईसीजी यंत्र. चिमट्यांचे दात घासून बोथट केलेले, म्हणजे कातडीला चावणार नाहीत. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. पट्टीचा फोटो मोबाइलवरून तिकडं पोचायला मिनिटही लागणार नाही.

आणि हिशेबच काढायचा तर कुत्र्यांचं देणं आपल्याकडं निघतं. लंडनच्या ऑगस्टस वॉलरनं 1887 मध्ये माणसाच्या हृदयाची वीज पहिल्यांदा टिपली, पण लोकांना प्रयोग दाखवायला तो आपला बुलडॉग जिमी घेऊन जायचा. जिमी मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत पाय ठेवून शांत उभा. 1909 मध्ये या ‘छळा’वर ब्रिटिश संसदेत प्रश्न निघाला, तेव्हा मंत्र्यांना समुद्रात पाय बुडवण्याची उपमा देऊन सभागृहाची समजूत घालावी लागली. पुढं मिशेल मिरोव्स्कीनं छातीत बसवायचं, बिघडलेली लय झटक्यानं सरळ करणारं यंत्र आधी कुत्र्यांवर सिद्ध केलं. त्याच्या चित्रफितीत कुत्रं कोसळतं, यंत्र झटका देतं, कुत्रं उठून शेपूट हलवतं. शंकेखोरांनी म्हटलं, कुत्र्याला पडायचं शिकवलं असेल. 1980 मध्ये ते यंत्र पहिल्यांदा माणसाच्या शरीरात बसलं.

लय सुधारली म्हणजे रोगी सुधारला असं नाही, हा धडा मात्र माणसांनी स्वतःच्या जिवावर शिकला. 1980 च्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेत हार्ट अटॅकमधून वाचलेल्यांना जादा ठोके दाबणारी औषधं देऊन बघितली. ठोके दबले, पट्टी सुंदर झाली, आणि औषध घेणारे जास्त मेले. 1989 मध्ये तो भाग थांबवावा लागला. म्हणून बॉक्सर कुत्र्याच्या मालकाला सोटॅलॉल देताना मी स्पष्ट सांगतो: यानं जादा ठोके कमी होतील, चक्कर येणं थांबेल, पण एखाद्या रात्री तो अचानक जाणारच नाही असं वचन या गोळीत नाही.

कुत्र्यांच्या त्या देण्याची परतफेड पेसमेकरच्या रूपानं आपल्या देशातही सुरू झालीय. डिसेंबर 2020 मध्ये दिल्लीत खुशी नावाच्या साडेसात वर्षांच्या कॉकर स्पॅनियलला माणसांसाठीचा पेसमेकर बसवला गेला. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय 1883 पासून उभं आहे, आणि जुलै 2024 मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं मोठं रुग्णालय सुरू झालं. अर्धापूरहून मुंबईच सहाशे किलोमीटरांच्या आसपास. पण एक विचार मला सोडत नाही. पेसमेकर असलेला माणूस वारला की दहनाआधी तो काढावा लागतो, नाहीतर चितेत बॅटरी फुटते. काढलेला पेसमेकर बहुतेक वेळा वाया जातो. वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात 2004 ते 2010 या काळात अमेरिकेतल्या मृतांचे पेसमेकर निर्जंतुक करून 53 गरीब रुग्णांना बसवले गेले, ते चांगले चालले आणि 2011 मध्ये त्याचा अहवालही छापून आला. माणसांना पुरून उरलेले, कमी आयुष्य शिल्लक राहिलेले पेसमेकर कुत्र्यांसाठी जमवले तर? दहा वर्षांच्या लॅब्रॉडॉरला चार वर्षांची बॅटरी भरपूर झाली.

तरी माझा खरा जीव गुंतलाय तो कारवानीत. लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार, आणि त्यात कुत्र्यांचं प्रदर्शन. चाकूर तालुक्यातल्या जानवळचे आणि आजूबाजूचे लोक कारवानी आणि पश्मी घेऊन येतात. मालक एका हातानं शेपटीचं टोक धरतो, दुसऱ्यानं हनुवटी वर करतो, कुत्रं ताणून उभं करतो. परीक्षक पाय बघतो, कंबर बघतो, दात बघतो. छातीला कुणी हात लावत नाही. सगळी जात पळण्यावर उभी आहे आणि पळवणारं इंजिन कुणी ऐकत नाही.

ऐकायला हवं, त्याला कारण आहे. पळणाऱ्या कुत्र्यांचं हृदयच निराळं. ग्रेहाऊंडचं हृदय शरीराच्या मानानं मोठं, निवांत ठोका सावकाश, कधी कधी निरोगी छातीतही हलकी फुरफुर ऐकू येते. लॅब्रॉडॉरच्या मापानं मोजलं तर ते आजारी ठरेल. हिराबाबत तेच होऊ घातलं होतं. मुधोळच्या घोरपड्यांनी इंग्लंडच्या राजाला भेट दिलेली ही जात मुधोळ हाऊंड म्हणून 2005 मध्ये टपाल तिकिटावर झळकली, राष्ट्रीय नोंदीतही आली. तिची उंची आणि रंग लिहिले गेले. आता माळेगावच्या मैदानात एक टेबल मांडावं, तीन दिवस दोन पशुवैद्यकांनी बसावं आणि समोर येईल त्या प्रत्येक निरोगी कारवानीचा निवांत ठोका, पळून आल्यावरचा ठोका, पाच मिनिटांनंतरचा ठोका वहीत उतरवावा. सोबत आई-बाप आणि ते कसे मेले तेही. जानवळच्या म्हाताऱ्यांना चार पिढ्यांची कुत्री नावानिशी पाठ असतात. कुठल्या ओळीत जवान कुत्री अचानक गेली हे त्यांना ठाऊक आहे, फक्त त्यांना कुणी विचारलेलं नाही. ज्या ओळीत ते घडलं तिथं क्रॉसिंग थांबवलं, की पुढच्या पिढ्यांचं पूर्वानुमान आपोआप बदलतं. कुठल्याही गोळीनं इतकं होत नाही.

आमच्या गल्लीत एका शिक्षकांकडं मोती आहे. तेरा वर्षांचा, पांढरा, लोक पामेरियन म्हणतात तो. हृदयाची डावी झडप वर्षानुवर्षं गळत होती, आणि गेल्या दिवाळीत वरच्या कप्प्यांची लय पूर्ण विस्कटली. कढईत फुटाणे उडावेत तसा ठोका, ना श्वासाशी नातं ना स्वतःशी, निम्मे ठोके मांडीत पोचत नव्हते. या अवस्थेत लय परत सरळ करायच्या नादी लागत नाहीत. डिगॉक्सिन आणि डिल्टियाझेम मिळून वेग आवरतात, लघवीच्या गोळीनं पाणी उतरवतात. दिवसभराची सरासरी मिनिटाला 125 च्या खाली राहिली, तर अशी कुत्री जास्त जगतात असं दिसून आलंय. शिक्षकांनी विचारलं, किती दिवस काढील? मी म्हणालो, “सर, बहुतेक महिने, वर्षं नव्हे. दोन महिने मिळाले तर ते मोजून घेऊ, आठ मिळाले तर उधारीचे समजू. त्याला एकही दिवस बसून काढावा लागला, तर त्या दिवशी मला हाक मारा. तेव्हा काय करायचं ते मी स्पष्ट सांगेन, आणि तुम्ही रागावायचं नाही.” ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, घरात प्रत्येकानं करायचं काय ते सांगा.

सातवीतल्या त्यांच्या मुलीला एक काम दिलं. मोती गाढ झोपला की मोबाइलवर एक मिनिट लावायचं आणि बरगड्या किती वेळा वर येतात ते मोजायचं. तिसाच्या आत असेल तर झोपायला जा. सलग दोन रात्री आकडा तिसाच्या वर गेला तर काकांना फोन. तिनं हळदीच्या वजनाची जुनी वही घेतली, उभ्या रेघा मारल्या, तारीख आणि आकडा. काल रात्री साडेदहाला त्यांच्याकडं गेलो तर दिवा बारीक केलेला, मोती फरशीवर कूस करून पडलेला आणि पोरगी पालथी झोपून त्याच्या कुशीकडं टक लावून बघणारी. मला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं. मिनिट संपल्यावर वहीत लिहिलं आणि वही माझ्याकडं सरकवली. एकशे सोळावी ओळ होती. सव्वीस.